लाल दोऱ्याचं बोंड

अकोल्यात सुरैय्याबाई नेमकं काय काम करतात, हे त्यांच्या घरमालकालाही धड सांगता आलं नसतं. "कापसाच्या ऑफिसात आहेत," एवढं तो सांगायचा, आणि ऐकणारा समजायचा की टायपिस्ट असेल. एकदा कुणीतरी "बियाण्याच्या डॉक्टर आहेत म्हणे" अशी आवई उठवली. झालं. मृगाच्या तोंडावर बैदपुऱ्यातले आणि आसपासचे चारदोन लोक दुकानातली पाकिटं घेऊन दारात उभे: बाई, यातलं कोणतं पेरू? बाईंनी खरं ते सांगितलं, की मला त्यातलं कळत नाही. बियाण्याच्या डॉक्टरला बियाण्यातलं कळत नाही, मग ही बाई पगार कशाचा घेते, असं पुटपुटत लोक परतले. पुढच्या वर्षी कुणी फिरकलं नाही.

आपण तिला नुसतं सुरैय्या म्हणू. बाई म्हणणारे तिला पुष्कळ होते, नुसतं नाव घेऊन हाक मारणारं मात्र आता कुणी उरलं नव्हतं.

ती मूळची वलगावची, पिंजाऱ्याची लेक. बाप गयासुद्दीन खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव गाद्या-रजया पिंजत हिंडायचा. कापूस पिंजताना एखादी चुकार सरकी धनुकलीच्या दोरीला, तातीला लागली की बाप चरफडायचा, सरकी काढून अंगणात भिरकावायचा आणि सुरैय्या ती धावत जाऊन वेचायची. पत्र्याच्या डबीत तिनं असल्या सरक्या साठवल्या होत्या. बापानं जो कचरा म्हणून फेकला त्याच्यावर पोरीनं पुढे शिक्षण केलं, नोकरी मिळवली आणि चाळिशी ओलांडली. लग्न राहिलं ते राहिलंच. काही स्थळांना ती शिकलेली म्हणून नको होती, काही तिला नको होती, आणि नंतर कुणी विचारायचंच थांबलं. बाप गेल्यावर भाऊ मोईजनं धनुकली माळ्यावर टाकली आणि फोमच्या गाद्यांचं दुकान घातलं. सुरैय्यानं त्या घरातून एकच वस्तू मागून आणली होती, गाद्या टाचायच्या जाड लाल दोऱ्याचं रीळ.

शहराबाहेरच्या एका कापूस संशोधन केंद्रात ती काम करायची. गोष्ट २००८ सालची. वऱ्हाडात त्या वर्षांत मुंबई-दिल्लीचे पत्रकार मोटारी भरभरून यायचे, वावराच्या बांधावर, धुऱ्यावर उभं राहून फोटो काढायचे आणि जायचे. कापसाचं काय करायचं हा प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडी होता. केंद्रातल्या लोकांच्या मनात एक जुनंच स्वप्न घोळत होतं. आपला देशी कापूस चिवट. त्याची मुळं खोल जातात, पावसानं डोळे वटारले तरी तो तग धरतो, पण बोंड लहान आणि धागा आखूड. अमेरिकन कापसाचं बोंड मोठं, धागा लांब, पण लाड फार. या दोघांचं लग्न लावून द्यावं, मूल देशीच्या हाडाचं आणि अमेरिकनच्या रूपाचं निघावं, असं ते स्वप्न. लग्न लावणं सोपं होतं. संध्याकाळी देशीच्या कळीतले परागकोश नखानं खुडून टाकायचे, कळीवर कागदी टोपी घालायची आणि सकाळी अमेरिकनचे पराग तिला लावायचे. मूलच जगत नव्हतं. चार-आठ दिवसांत बोंड गळायचं, आणि एखादं टिकलंच तर त्यातली सरकी पोचट निघायची. दोन बोटांत धरली की चपटी.

ती पोचट का होते, हे शोधणं म्हणजे सुरैय्याचं काम.

सरकी भरण्याआधी तिच्या पोटात एक दूध भरतं आणि त्या दुधावर आतला कोंब वाढतो. हे दूध किती भरायचं, कधी थांबायचं, याचा कारभार बघणाऱ्यांत काही बारीक आरएनए असतात. आरएनए म्हणजे पेशीतले निरोप्ये. बहुतेकजण अमुक प्रथिन बनवा, तमुक बनवा, असे निरोप घेऊन धावतात. पण या बारक्यांच्या हातून कुठलंच प्रथिन बनत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग कळलं की ते घरातल्या जाणत्या बाईसारखे असतात. ती स्वतः चुलीला हात लावत नाही, पण "आता पुरे", "तू थांब", "मीठ आवर" म्हणत सगळा स्वयंपाक ताळ्यावर ठेवते. सरकीतले असे पुष्कळ आरएनए आईच्या बाजूनं येतात. देशी आईच्या मानानं अमेरिकन बापाचा जनुकांचा ऐवज दुप्पट. आईचं "पुरे, पुरे" त्याला पुरत नसावं, म्हणून दूध नासतं आणि दाणा पोचट राहतो, असा सुरैय्याचा अंदाज होता. अंदाज खरा ठरायला तिला एक भरलेला दाणा हवा होता. सगळे मेले तिथे हा एक कसा वाचला, त्याच्या आईनं त्याला वेगळं काय दिलं, हे त्यात वाचायचं होतं.

आणि वाचायचं म्हणजे मारायचं. बोंड हिरवं असतानाच तोडायचं, सरकी काढून हाडं गोठवणाऱ्या थंड द्रवात बुडवायची आणि खलात तिची पूड करायची. दुसरा मार्ग नव्हता. आधीच्या दोन हंगामांतले तिचे सगळे नमुने थंडपेटीत ठेवले होते. एका उन्हाळ्यात भारनियमनात वीज गेली, जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं, आणि दोन वर्षं वितळून पाणी झाली. कुणी मुद्दाम केलं नाही, पण कुणी दोन शब्द हळहळलंही नाही. पोचट दाण्यांचं सुतक कोण पाळतं?

त्या वर्षी मात्र एक बोंड टिकलं. प्लॉटच्या कडेच्या देशी पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडावर, खालच्या फांदीला. बाकीची सगळी गळाली, हे हटून बसलं. सुरैय्या रोज जाऊन त्याला अंगठ्यानं हळूच दाबून बघायची. आत कडक लागायचं. तोडायचा दिवस आला तेव्हा ती कात्री घेऊन गेली आणि तशीच परत आली. उद्या तोडू म्हणाली. दुसऱ्या दिवशीही उद्याच. इतकी वर्षं ती दाणे कुटत आली होती. हा एक तिला उगवलेला बघायचा होता. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तरी कुणाला सांगणार होती?

केंद्राचे प्रमुख ओमप्रकाश साहेब माणूस वाईट नव्हते. प्रकल्पाची मुदत संपत आली होती, वरून विचारणा होत होती, आणि त्यांच्या हातात दाखवायला काही नव्हतं. "ते एक बोंड होतं ना, काय झालं त्याचं?" त्यांनी विचारलं.

"अजून तयार नाही, साहेब," सुरैय्या म्हणाली. त्याच दुपारी तिनं फांदीवरची नंबराची कागदी चिठ्ठी काढून टाकली आणि खूण म्हणून बापाच्या रिळातला लाल दोरा बांधला. चिठ्ठी दिसली नाही तर येताजाता कुणी चौकशी करणार नाही, एवढाच हिशेब.

पण साहेबांना विसर पडला नाही. आठवड्याभरानं त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "सुरैय्याबाई, ते हिरवं असतानाच तोडायला हवं होतं. तुम्हाला मी काय सांगणार? आता पिकलेलं तर पिकलेलं, जे हाती लागेल ते लागेल. सोमवारी मी स्वतः प्लॉटवर येतो."

"पेरून बघितलं तर, साहेब?" ती म्हणून गेली.

साहेब हसले. "पेरून काय उगवणार? उगवलं तरी वांझ झाड. ना बोंड, ना सरकी. हे तुम्हीच इथे शिकायला येणाऱ्या मुलांना शिकवता."

ते खरंच होतं. देशी आणि अमेरिकनचं मूल जगलं तरी त्याला पुढे मूल होत नाही. फुलं येतात, नुसती फुलं. सुरैय्यानं मान डोलावली आणि बाहेर आली.

नेमका त्या शनिवारी मोईजचा फोन आला. "आपा, रविवार को नगमा की मंगनी है. एक दिन तो आ जाओ. लोगां पूछते हैं, तुम्हारी बहन है के नहीं." नगमा म्हणजे मोईजची मोठी मुलगी. बोंड अजून मिटलेलं होतं, एवढ्यात फुटत नाही असं स्वतःला बजावून सुरैय्या एसटीनं अमरावतीला आणि तिथून वलगावला गेली.

मंगनीच्या घरात तिला काम मिळालं ते बिनकामाच्या बाईला मिळतं तेच. हिची पोरं धर, तिची पर्स सांभाळ, कांदा चिरून दे. दुपारी बायका बसल्या असताना मोईजच्या बायकोनं विचारलं, "आपा, तुम वहाँ करते क्या, आज बोलोच." सुरैय्याला बरं वाटलं. इतक्या वर्षांत प्रथमच कुणी विचारलं होतं. तिनं सरकीचं सांगितलं, दुधाचं सांगितलं, काही न बनवणाऱ्या त्या बारक्यांचं सांगितलं. बायका ऐकत होत्या, निदान बिर्याणीच्या देगीवरचं झाकण उघडेपर्यंत तरी.

नगमा तेवढी थांबली होती. हातावरच्या मेंदीला फुंकर घालत तिनं विचारलं, "फुप्पी, वो कुछ बनातेच नहीं, तो रहते कायकू?"

पोरीच्या मनात काही नव्हतं. पण सुरैय्याच्या काळजात ते रुतलं. "बिगड़ने नहीं देते, बेटा," ती म्हणाली. नगमा हसून आरशापुढे गेली. रात्री सुरैय्याला माळ्याखालच्या खोलीत झोपायला जागा मिळाली. वर बापाची धनुकली गोणपाटात गुंडाळून पडलेली होती, ती उतरवून बघावी असं तिला वाटलं, पण मग लोक उठतील म्हणून ती पडून राहिली.

सोमवारी पहाटेच्या गाडीनं ती अकोल्याला परतली आणि घरी न जाता थेट प्लॉटवर गेली. वेचणी त्याच दिवशी सुरू होणार होती, हे ती साफ विसरली होती. जवळच्या गावच्या बायका नुकत्याच आल्या होत्या. कडेच्या पऱ्हाटीपाशी हळदकुंकू सांडलं होतं, दहीभाताचा नैवेद्य मातीवर ठेवला होता आणि मातीच्या पणतीत कापसाची वात जळत होती. पहिल्या वेचणीला बायका असं सीतादही करतात, तेव्हा कापसाच्या राशीला बरकत येते. सुरैय्यानं खालच्या फांदीकडे बघितलं. बोंड नव्हतं. लाल दोराही नव्हता.

"मनकर्णाबाई!" तिनं हाक मारली. "इथलं बोंड कुठं गेलं?"

मनकर्णाबाई वेचणाऱ्या बायकांची म्होरकी. साठीची, काटक, तोंडानं फटकळ. ती हसत पुढे आली. "आज फुटलं व्हतं न बाई! पांढरं शुभ्र. म्या म्हनलं, बाईची मन्नत पुरी झाली. मंग दोरा सोडला आन् पयली वात त्याचीच केली."

"मन्नत? कसली मन्नत?"

"आता मले काहून इचारता? दर्ग्यावर आमीबी बांधतो लाल दोरा. तुमी बांधला, रोज येऊन हात लावून राहिल्या व्हत्या, कोनाशी बोलत नाई व्हत्या. आमाले का समजत नाई का? मन्नत पुरी झाली का दोरा सोडा लागते, नाई तं ते वझं जलमभर राह्यते. तुमी दिसल्या नाई, म्हून तुमच्या नावानं म्याच सोडला."

सुरैय्यानं खाली बसून ती रिकामी फांदी उलटून बघितली. तिला रडू येत होतं आणि मनकर्णाबाईवर ओरडावंसंही वाटत होतं, पण ओरडायला जागाच नव्हती. चिठ्ठी तिनंच काढली होती, दोरा तिनंच बांधला होता. आणि आजवर तिच्या नावानं कुणी काही केलेलं तिला आठवत नव्हतं.

"सरकी कुठं आहे?" तिनं हळूच विचारलं.

"मातीले देल्ली. बुडाशीच. आमची तशीच रीत हाये."

सुरैय्यानं दहीभात बाजूला सारला आणि दोन्ही हातांनी माती उकरायला लागली. वेचणाऱ्या बायका थबकून बघत राहिल्या. एक सरकी सापडली, दोन बोटांत धरली, चपटी. दुसरी चपटी. तिसरी, चौथी, सगळ्या तशाच. एक तेवढी राहिली होती, दह्यानं माखलेली. ती तिनं दाबली. दबली नाही. पुन्हा दाबली. आत भरीव होतं, गच्च.

साहेबांची जीप फाटकातून आत येताना दिसली.

हातात तिची एवढ्या वर्षांची मेहनत होती. ही सरकी साहेबांच्या हाती दिली असती तर निदान काहीतरी वाचता आलं असतं, अहवालात तिचं नाव लागलं असतं, कदाचित कुणी तिला बोलवून विचारलं असतं की बाई, हे तुम्ही कसं शोधलं. पिकलेल्या दाण्यातलं वाचन अर्धमुर्धं असतं हे तिला माहीत होतं, पण अर्धमुर्धंही तिच्याकडे आजवर नव्हतं.

मनकर्णाबाई तिच्याजवळ उकिडवी बसली. "बाई, मातीले देल्लेलं वापस घेऊ नोका," ती हलक्या आवाजात म्हणाली. त्यात दटावणी नव्हती, काळजी होती.

सुरैय्यानं सरकी परत खळग्यात ठेवली, वर माती लोटली आणि तळहातानं दाबली.

साहेब धुऱ्यावरून आले. हळदकुंकू बघून त्यांनी बाजूनं पाय टाकला. "कुठंय ते बोंड?"

"गळालं, साहेब."

साहेब रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. त्यांनी नुसती त्या रिकाम्या फांदीवर एक नजर टाकली. "असो. तुमचं नशीबच असं, दुसरं काय," ते म्हणाले आणि जीपकडे वळले. तिच्या बोलण्यावर त्यांचा इतक्या पटकन विश्वास बसला याचंच तिला वाईट वाटलं. काही टिकलं असेल असं त्यांना मुळात वाटलंच नव्हतं.

प्रकल्प बंद झाला. सुरैय्याला उगवणक्षमता तपासायच्या खोलीत बसवलं. दुसऱ्यांनी पाठवलेलं बियाणं ओल्या कागदावर मांडायचं आणि किती उगवलं ते बघायचं. त्या आधीच पऱ्हाटीच्या बुडाशी कोंब आला होता. पहिली पानं तर सगळ्यांची सारखीच गोल असतात, त्यावरून काही कळत नाही. खरी पानं आली तेव्हा ती गुडघ्यांवर बसून बघत राहिली. देशीचं पान बोटांसारखं खोल कापलेलं, अमेरिकनचं पसरट. हे दोन्ही नव्हतं, मधलंच काहीतरी होतं. सुरैय्या एकटीच मोठ्यानं हसली. रखवालदारानं दुरून बघितलं आणि बाईंचं डोकं फिरलं असावं असं समजून तो दुसरीकडे गेला.

प्लॉट नांगरायच्या आधी तिनं ते रोप मातीसकट उचललं, तेलाच्या पिप्यात लावलं आणि ऑटोत मांडीवर धरून बैदपुऱ्यात घरी आणलं. एका खोलीपुढचा चिंचोळा सज्जा, तिथे ते वाढलं. पुढल्या पावसाळ्यात फुलायला लागलं. फूल देशीसारखं गडद पिवळं नाही, अमेरिकनसारखं पांढुरकंही नाही. मधल्याच फिक्या पिवळ्या रंगाचं, बुडाशी पुसट लाल ठिपका. सकाळी उमलायचं, संध्याकाळी गुलाबी पडायचं आणि दोन दिवसांत गळून जायचं. खाली काही धरायचं नाही. औषध लावून अशा झाडाला फळतं करता येतं, पण त्याला प्रयोगशाळा लागते, परवानगी लागते, आणि मुख्य म्हणजे हे झाड आलं कुठून ते सांगावं लागतं. सुरैय्या सकाळी गळालेली फुलं वेचायची आणि कामावर जायची. शेजारच्या बाईनं एकदा विचारलं, "हे कशाचं झाड?" ती म्हणाली, "शोभेचं." वांझ म्हटलं असतं तर शेजारणीनं झाडाकडे न बघता तिच्याकडे बघितलं असतं, आणि ते तिला नको होतं.

वेचणीचे दिवस पुन्हा आले. एका रविवारी दुपारी दाराची कडी वाजली. तिच्या दाराची कडी दूधवाल्याशिवाय कुणी वाजवत नसे, त्यामुळे तिला वाटलं शेजारी वाजली. पुन्हा वाजली तेव्हा तिनं दार उघडलं. दारात मनकर्णाबाई, घामानं निथळलेली, हातात फडक्यात बांधलेला डबा.

"किती इचारत आली वं बाई! कोनाले तुमचं घर मालूम नाई. एक म्हने टायपिंगवाल्या, एक म्हने डॉक्टरीन." ती आत आली, चहूकडे बघितलं, मग सज्ज्यातल्या झाडाशी गेली आणि त्याच्या खोडाला हात लावला. "हेच न ते? रखवालदारानं सांगतलं मले, बाईनं नेलं म्हून. मंग मन्नत कायची व्हती तुमची? त्या दिशी सांगतलं नाई तुमी."

"हेच," सुरैय्या म्हणाली. "हे उगवावं, एवढंच."

"मंग झाली न पुरी!"

"याले बोंड येत नाही, मनकर्णाबाई," सुरैय्या म्हणाली. कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडी वलगावची बोली आली होती. "कधीच येनार नाही. मले पहिल्यापासून मालूम होतं. सीतादही कराले आल्या असाल तं इथं काही फुटनार नाही."

मनकर्णाबाईनं फडक्याची गाठ सोडता सोडता तिच्याकडे बघितलं. "बोंडासाठी कोन आलं? पऱ्हाट्या का मले कमी हायेत? मी तं तुमच्याकडं आली. सुरैय्या नाव हाये न तुमचं? त्या रखवालदाराले मोठ्या मुश्किलीनं आठोलं." तिनं डब्यातला चिमूटभर दहीभात पिप्यातल्या मातीवर ठेवला आणि खाली फतकल मारून बसली. "चाला, ताटं आना. भूक लागली मले."

सुरैय्या आत गेली. फळीवर ताट एकच होतं. तिनं ते मनकर्णाबाईसाठी घेतलं आणि आपल्यासाठी पातेल्यावरचं झाकण.